घोंगडीची घडी

शनिवार, रात्र

श्रावणी शनिवार म्हणून अण्णांना भद्रा मारुतीला न्यायचं ठरलं होतं. पूर्वी ते शुक्रवारी रात्री शहरातून चालत निघायचे आणि पहाटे खुलताबादला पोहोचायचे. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून गाडीने गेलो. निजलेल्या मारुतीचं दर्शन झालं. नारळ फोडला. बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "आता पीराला जाऊन येऊ." त्यांच्या तोंडी हे इतकं सहज आलं, जणू दोन्ही एकाच कामाचे दोन भाग.

खुलताबादला आधी नुसतं रौजा म्हणत. औरंगजेबाला मरणानंतर 'खुल्द-मकान' म्हणू लागले, त्यावरून आताचं नाव. झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात त्याची उघडी, छत नसलेली कबर आहे आणि बहुतेक गाड्या तिथेच थांबतात. आम्हाला जायचं होतं झैनुद्दीनांच्या गुरूंकडे, बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात. हैदराबादचा पहिला निजाम आसफजाह याच आवारात पुरलेला आहे, पण त्याच्या कबरीपाशी आज कुणीच नव्हतं.

पावसाने अंगणातली फरशी ओली आणि गार होती. डोक्याला रुमाल बांधून आत गेलो. गुलाब आणि उदाचा वास कोंडलेला, मजारीवर हिरवा गलेफ, त्यावर फुलांची चादर. दर्ग्याची सेवा पाहणाऱ्या मुजावरांनी मोरपिसांचा कुंचा अण्णांच्या पाठीवरून फिरवला, तसे अण्णांनी डोळे मिटले. काय मागितलं ते मी विचारलं नाही.

बाहेर ओसरीवर टेकायचं म्हटलं तर अण्णांना खाली बसवेना. मी पिशवीतला टॉवेल काढला, चौपदरी घडी घातली आणि भिंतीशी ठेवला. ते त्यावर बसले, पाय लांब केले. आणि मला एकदम ती गोष्ट आठवली. जुन्या फारसी चरित्रात आहे ती. मी सांगायला लागलो.

बुऱ्हाणुद्दीन दिल्लीच्या सूफी संत निजामुद्दीन औलियांचे शिष्य. खानकाहच्या, म्हणजे गुरूंच्या मठाच्या, भटारखान्याचं काम त्यांच्याकडे होतं. म्हातारपणी अंगात ताकद उरली नव्हती, म्हणून ते घोंगडीची घडी करून तिच्यावर बसत. दोघांनी गुरूंच्या कानावर घातलं, की हा आता स्वतःला शेख, म्हणजे गुरू, समजायला लागलाय, गादी मांडून बसतो. गुरू रागावले. पुढच्या भेटीत बोललेच नाहीत. मग सेवकाकडून निरोप आला, इथून ऊठ आणि घरी जा. बुऱ्हाणुद्दीन घरी गेले आणि कुणी दगावल्यासारखे सुतकात बसले. भेटायला येणारे त्यांना पाहून रडत.

अण्णा एकदम म्हणाले, "गुडघ्यासाठी घेतलेली घोंगडी. विचारायचं तरी ना आधी." त्यांचा आवाज जरा चढला होता. मी पुढे सांगणार इतक्यात दर्शनाला माणसांचा एक लोंढा आला. लहान मुलं, म्हाताऱ्या, हातात फुलांच्या टोपल्या. आम्ही सरकून जागा दिली आणि गोष्ट तिथेच राहिली.

मग मुजावर येऊन बसले. बुऱ्हाणुद्दीन बाबांच्या पश्चात शिष्यांचे खायचे हाल झाले, तेव्हा इथे चांदीची झाडं उगवली, त्या चांदीवर दर्गा चालला, अशी इथली कथा त्यांनी सांगितली. अण्णा मन लावून ऐकत होते. मी मात्र बाबांच्या नावातल्या 'गरीब' या शब्दावर अडकलो होतो. आपण गरीब म्हणजे पैसे नसलेला समजतो. अरबी-फारसीत गरीब म्हणजे परका, परमुलखातला. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला, हलवली आणि दिल्लीतल्या लोकांना इकडे यावं लागलं, त्या ओघात बुऱ्हाणुद्दीनही आले. वय सत्तरीच्या आसपास. गुरू त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, १३२५ मध्ये, गेलेले. ना भाषा ओळखीची, ना पाणी, ना माणसं. दहाएक वर्षं दौलताबादेत काढली आणि १३३७ मध्ये इथे माती मिळाली. पुढे खानदेशच्या फारुकी सुलतानांनी तापीकाठी नवं शहर वसवलं, त्याला यांचंच नाव दिलं. बुऱ्हाणपूर. परका म्हणून आलेल्या माणसाच्या नावाने अख्खं शहर, आणि समोरच्या काठाला शिष्याच्या नावाचं झैनाबाद. हे मला फार मोठं वाटतं. दौलताबादच्या किल्ल्याने ज्यांना आणलं ते सुलतान पर्यटकांपुरते उरले. या म्हाताऱ्याकडे मात्र आजही कुणी आजारी लेकरू घेऊन येतं.

अण्णा शाळामास्तर होते. अकरा बदल्या झाल्या त्यांच्या. प्रत्येक गावी पहिले सहा महिने ते गप्प असत, हे मला आईकडून कळलेलं. आज मुजावरांनी त्यांना विचारलं, "गाव कोणतं?" तर अण्णांना लगेच सांगता आलं नाही. जन्मगाव सांगावं, की जिथे आयुष्य गेलं ते? शेवटी म्हणाले, "इकडचाच."

निघताना टॉवेल उचलला. घडी तशीच होती, मधोमध बसल्याचा खळगा.

परत येताना घाटात धुकं होतं. अण्णा मागे डोकं टेकून बसले होते, मला वाटलं झोपले. दौलताबादचा किल्ला दिसायला लागला तेव्हा म्हणाले,

"मग गुरूंनी माफ केलं का त्याला?"

"केलं. कवी अमीर खुसरो, गुरूंचे लाडके शिष्य, स्वतःच्या गळ्यात पागोटं अडकवून गुरूंपुढे उभे राहिले, त्याच्यासाठी. मग बोलावून घेतलं, पुन्हा शिष्य करून घेतलं."

"बरं झालं," अण्णा म्हणाले, आणि खिडकीची काच थोडी खाली केली.