मुद्देमाल नष्ट करावा

पारधी वस्तीवरचा २२ वर्षांचा पोरगा. विहिरीवरची मोटार चोरल्याच्या आरोपात अटक झाली, तालुका कोर्टात निर्दोष सुटला. तो खटला दुसऱ्या वकिलांनी चालवला होता. मायलेकरं माझ्याकडे आली ती निकालानंतर बऱ्याच महिन्यांनी. कुठल्याशा दुसऱ्या चोरीसाठी पोलिसांनी त्याला परत उचललं, दिवसभर बसवून ठेवलं आणि संध्याकाळी सोडलं. कारण काय, तर "रेकॉर्डवर आहेस."

आईनं पिशवीतून निकालाची नक्कल काढली. "ताई, कोर्टानं सोडलंय न्हवं? मग ह्याचं ठसं आजून त्यांच्याकडंच कसं?"

मी निकालाचं शेवटचं पान काढलं. तिथला आदेश ठरलेल्या साच्यातला असतो. आरोपीस मुक्त करण्यात येत आहे, जामीनपत्र रद्द, मोटार फिर्यादीकडे कायम, जप्त पक्कड मूल्यहीन असल्याने अपिलाच्या मुदतीनंतर नष्ट करावी. पक्कडीचं काय करायचं ते लिहिलेलं होतं. अटकेत घेतलेले बोटांचे आणि तळहाताचे ठसे, फोटो, डोळ्यांचं स्कॅन यांबद्दल एक ओळ नव्हती.

२०२२च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानुसार ही मोजमापं एनसीआरबीकडे, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्राच्या ब्युरोकडे, ७५ वर्षं राहतात. म्हणजे हा पोरगा ९७ वर्षांचा होईपर्यंत. आधी तुरुंगवासाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली नसेल आणि माणूस निर्दोष सुटला असेल, तर सर्व कायदेशीर उपाय संपल्यावर नोंदी नष्ट करायच्या. ठेवायच्या असतील तर न्यायालयानं कारणं लिहायची. आमच्या निकालात अशी कारणं नव्हती. मग नोंदी गेल्या का नाहीत? कारण नियमांत म्हटलंय की, त्यासाठी राज्यानं या कामाला नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे विनंती जायला हवी. त्यानं ही मोजमापं दुसऱ्या कुठल्या गुन्ह्याशी जोडलेली नाहीत ना, हे तपासून पुढे शिफारस करायची. अशी विनंती करता येते हे या मायलेकरांना कोण सांगणार होतं? आमच्या बाररूममध्ये विचारलं, तर अशा अर्जाचा मसुदा एकाकडेही निघाला नाही. निर्दोष सुटला की फाइल बांधायची, ही आमच्या धंद्याची जुनी खोड.

आणि उपाय संपले हे दाखवायचं कसं? निर्दोष सुटलेला माणूस अपील करत नाही, करायचं तर सरकारनं किंवा पीडितानं. सरकारला ९० दिवस मिळतात. सरकारनं अपील केलं नाही, हे सिद्ध करायची धावपळ मात्र आमच्याच माथी. जिल्हा न्यायालयातून तसा दाखला काढायला मला, आधीच्या वकिलांना पक्कडीच्या अख्ख्या खटल्यात लागलं असेल त्यापेक्षा जास्त भांडावं लागलं असं वाटतं.

ठाण्यातले हवालदार तसे भले. म्हणाले, "मॅडम, नाव आम्ही चढवतो. उतरवायचं आमच्या हातात नाही."

१९२०चा इंग्रजांचा कायदा परत काढून वाचला. निर्दोष सुटलेल्याची मोजमापं आणि फोटो, निगेटिव्हसकट, नष्ट करावेत किंवा त्याच्या हवाली करावेत, असं त्यात होतं. त्याच इंग्रजांनी १८७१च्या कायद्यापासून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. या वस्तीच्या पणज्यांनी पाटलाकडे हजेरी दिली आहे. जमातींचा तो कायदा १९५२ला रद्द झाला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमतानं सांगितलं. अर्जात मी तो निकाल पहिल्याच परिच्छेदात घातला.

अर्ज अजून पडून आहे. पडताळणीचा अहवाल मागवलाय आणि तो द्यायचाय त्याच ठाण्यानं. दरम्यान त्याला परत बोलावलं, तर संशयित म्हणून आणखी कुठे नाव जोडलं जाईल आणि अर्ज तिथेच अडेल. मला खरी भीती त्याचीच आहे. म्हणून नक्कल आणि अर्जाची पोच कायम खिशात ठेवायला सांगितलंय, आणि माझा नंबर.

आता माझ्या प्रत्येक खटल्यात अंतिम युक्तिवादाच्या शेवटी मी लेखी मागते: सुटका झाल्यास मोजमापं नष्ट करण्याचा स्पष्ट आदेश मुद्देमालाच्या आदेशाखालीच यावा. एका न्यायाधीशांनी तो लिहिला. दुसऱ्यांनी ते पोलिसांचं काम आहे म्हणून नाकारला. त्या नकाराविरुद्ध मी सत्र न्यायालयात जाणार आहे.