बग्गी घेतली की खेळ सोपा होतो का? तुम्ही विचारलंत म्हणून

प्रश्न नेहमी एकाच क्रमाने येतात. आधी, ‘एक पाय नसताना गोल्फ खेळता येतो?’ येतो म्हटलं की, ‘पण बग्गी (मैदानात फिरायची छोटी गाडी) घेऊनच ना?’ आणि हो म्हटलं की थोडं थांबून, ‘मग चालत खेळणाऱ्यांवर तो अन्याय नाही का?’ पहिले दोन प्रश्न मला आवडतात. तिसऱ्याचं उत्तर मी आजवर उभ्याउभ्या दोन वाक्यांत उरकत आलो आणि प्रत्येक वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावर तेच पाहिलं: पटलेलं नाही, पण वाईट दिसेल म्हणून गप्प बसतोय. आज सविस्तर सांगतो. एका हाताने खेळणाऱ्यांबद्दल इथे लिहीत नाही. त्यांच्या अडचणी वेगळ्या आहेत आणि हा प्रश्न त्यांना कुणी विचारत नाही.

डावा पाय गुडघ्याखाली नाही आणि खेळणारा उजखोरा आहे, असं धरा. फटका बसला की सगळं वजन डाव्या पायावर येतं आणि कंबर लक्ष्याकडे वळते. धडधाकट पायात हे वळण घोटा, गुडघा आणि खुबा आपसात वाटून घेतात. कृत्रिम पायाचा घोटा वळत नसेल, तर खाली बूट जमिनीला घट्ट, वर कंबर फिरतेय, आणि मधे फिरायला एकच जागा उरते: सॉकेटच्या, म्हणजे उरलेला पाय जिच्यात बसतो त्या वाटीच्या, आतली कातडी. एका फटक्याने काही होत नाही. पण सरावाचे धरून दिवसाला शंभरएक स्विंग, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) फिरवणं, होतात. संध्याकाळी लायनर (सॉकेटमधलं मऊ आवरण) काढला की स्टंपच्या, म्हणजे उरलेल्या पायाच्या, टोकाला नाहीतर बाहेरच्या बाजूच्या हाडावर लाल चट्टा दिसतो. तो अर्ध्या तासात गेला नाही, तर दुसऱ्या दिवशी पाय चढवायचा नाही. चढवलाच तर फोड येतो, फोड फुटतो, आणि मग गोल्फ राहू द्या, पुढचे काही आठवडे कामावर कुबड्या घेऊन जावं लागतं.

यावर उपाय आहेत. सॉकेट आणि खालची नळी यांच्यामधे पीळ घेणारा जोड बसवता येतो. तो काही अंश फिरतो आणि परत जागेवर येतो. तो नसेल तर डावं पाऊल उभं राहतानाच लक्ष्याकडे नेहमीपेक्षा जास्त उघडायचं, म्हणजे वळायचं कमी उरतं. त्या बुटाचे स्पाइक्स काढून टाकायचे, म्हणजे कातडीऐवजी बूटच गवतावर थोडा फिरतो. दुसऱ्या बुटाचे मात्र ठेवायचे. उजवा पाय नसेल तर गणित उलटं. तिथे मागे वळताना अडतं, म्हणून उजवं पाऊल थोडं मागे घेऊन उभं राहायचं आणि सुरुवातीपासूनच जास्त वजन डाव्या पायावर ठेवायचं. पाय गुडघ्याच्या वर कापलेला असेल तर स्विंगमधे कृत्रिम गुडघा अचानक दुमडण्याची भीती असते. प्रशिक्षक सगळ्यांना गुडघे वाकवून उभं राहायला सांगतात, पण इथे तो गुडघा सरळच ठेवावा लागतो.

जयपूर फूट वापरणारे विचारतात, यावर जमेल का. साध्या, न वळणाऱ्या पाश्चात्त्य पावलापेक्षा त्यावर जास्त जमेल. 1968 च्या सुमारास जयपूरमधे रामचंद्र शर्मा आणि डॉ. पी. के. सेठी यांनी ते घडवलं ते उकिडवं बसता यावं, मांडी घालता यावी, शेताच्या बांधावरून अनवाणी चालता यावं म्हणून. त्यामुळे ते पाऊल आत-बाहेर कलतं आणि थोडं फिरतंही. गोल्फ कुणाच्या डोक्यात नव्हता, पण उतारावर चेंडू असताना नेमकं हेच लागतं.

बुटाच्या टाचेकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. कृत्रिम पायाची मांडणी एका ठरावीक टाचेच्या उंचीवर केलेली असते. गोल्फच्या बुटाची टाच रोजच्या बुटापेक्षा एखाद सेंटिमीटर उंच निघाली, तरी गुडघा पुढे ढकलला जातो आणि माणूस दिवसभर स्वतःला मागे ओढत उभा राहतो. पाय जुळवून घ्यायला जाल तेव्हा खेळायचे बूट बरोबर न्या. पुण्यात वानवडीला 1944 पासून सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, त्यामुळे या कामातले जाणकार आपल्याकडे नाहीत असं नाही. फक्त आपल्याला गोल्फ खेळायचाय हे आपण त्यांना सांगत नाही. संकोच वाटतो. सांगा.

आणि मोजे. दिवस चढतो तसा स्टंप आकसतो. सकाळी घट्ट बसलेला सॉकेट अठरापैकी नवव्या होलपर्यंत सैल होतो, चालताना स्टंप आत वर-खाली व्हायला लागतो. त्यासाठी एकपदरी, तीनपदरी, पाचपदरी मोजे पिशवीत ठेवायचे आणि वाढवत जायचं. आपल्या हवेत त्यात घामाची भर पडते. सिलिकॉनच्या लायनरमधे पाणी साचतं आणि पाय निसटायला लागतो. नऊ होल झाले की सावलीत बसायचं, लायनर काढून पुसायचा, स्टंप कोरडा करायचा, दहा मिनिटं हवा लागू द्यायची. ही दहा मिनिटं मागताना माणसं ओशाळतात, कारण मागचा गट खोळंबतो. तेवढ्यापायी ती टाळतात आणि चौदाव्या होलला रक्त येतं.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. त्याचा निकाल अमेरिकेत एकदा शेवटपर्यंत लढून लागला आहे. पूर्ण लागला असं मात्र नाही.

केसी मार्टिन हा ओरेगन राज्यातला खेळाडू, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संघात टायगर वुड्सचा सहकारी. जन्मापासून त्याच्या उजव्या पायात रक्ताभिसरणाचा विकार, क्लिपेल-ट्रेनॉने-वेबर. पायातलं रक्त नीट वर परतत नाही, हाड झिजत जातं. चालण्याने नुसत्या वेदना होत नव्हत्या. रक्तस्राव, गुठळ्या, आणि नडगीचं हाड इतकं मोडेल की पाय कापावा लागेल, असा धोका होता. हे न्यायालयातल्या नोंदीत आहे आणि अमेरिकेत व्यावसायिक स्पर्धा भरवणाऱ्या पीजीए टूरने त्याचं अपंगत्व कधी नाकारलंही नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की चालणं हा सर्वोच्च पातळीवरच्या खेळाचा भाग आहे आणि बग्गी दिली तर खेळाचं मूळ रूपच बदलेल. टूरवर जाण्यासाठीच्या पात्रता स्पर्धेत तीन टप्पे होते. पहिल्या दोन टप्प्यांत बग्गी सगळ्यांना चालत होती, तिसऱ्यात 1997 पासून बंद. तिथे अडवल्यावर मार्टिन कोर्टात गेला. न्यायालयाच्या अंतरिम आदेशावर बग्गी घेऊन खेळत त्याने 1998 च्या जानेवारीत खालच्या टूरवरची एक स्पर्धा जिंकली. तेव्हा तुमचाच प्रश्न मोठ्या आवाजात विचारला गेला.

टूरच्या बाजूने अर्नोल्ड पामर, जॅक निकलॉस आणि केन व्हेन्चुरी या दिग्गज खेळाडूंनी साक्षी दिल्या. व्हेन्चुरी म्हणजे 1964 ची यूएस ओपन भयंकर उन्हात, एका दिवसात 36 होल चालून, कोसळायच्या बेतात असताना जिंकलेला माणूस. थकवा म्हणजे काय हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिघांनी सांगितलं की थकव्याने खेळ बदलतो, बग्गीने काही खेळाडूंना फायदा होऊ शकतो. पण बग्गीमुळे मार्टिनला फायदा होतो का, यावर तिघांपैकी कुणीच मत दिलं नाही. निकालातलं हे वाक्य मी पुनःपुन्हा वाचतो. तुमच्या प्रश्नातली चूक तिथेच आहे. तुम्ही बग्गीत स्वतःला बसवून बघता. तुम्हाला दोन धड पाय आहेत, तुमचे आठ किलोमीटर वाचतील, साहजिकच तुम्हाला तो फायदा दिसतो.

दुसऱ्या बाजूच्या तज्ज्ञाने हिशेब मांडला: 18 होल म्हणजे सुमारे पाच मैल, पाच तासांत, मधे थांबत थांबत, साधारण 500 कॅलरी. बग्गी घेऊनही मार्टिनला मैलभराहून जास्त चालावं लागत होतं, कारण बग्गी चेंडूपर्यंत किंवा ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) जात नाही. खालच्या न्यायालयाने म्हटलं की त्या पायाने त्याला येणारा थकवा इतरांच्या चालण्याच्या थकव्याहून निःसंशय जास्त आहे. 29 मे 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 असा निकाल मार्टिनच्या बाजूने दिला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचा मुद्दा असा: खेळाचा गाभा फटका मारण्यात आहे, चेंडू कमीत कमी फटक्यांत होलमधे नेण्यात आहे. गोल्फच्या नियमपुस्तिकेत बग्गीला सरसकट बंदी नव्हतीच. आजही नाही. स्पर्धेची समिती वेगळा स्थानिक नियम लावून ती घालू शकते, एवढंच.

मार्टिन पुढे ओरेगन विद्यापीठाचा प्रशिक्षक झाला. ज्या हाडाच्या धोक्याबद्दल कोर्टात सांगितलं होतं ते पुढे मोडलं, भरून आलं नाही, आणि 2021 च्या ऑक्टोबरात पाय काढावा लागला. धोका खरा होता का, असं विचारणाऱ्यांना मी आता एवढंच सांगतो.

इतकं सांगून थांबायला हवं, पण प्रामाणिकपणे तसं थांबता येत नाही. न्यायमूर्ती स्कालिया यांनी विरोधी मत दिलं. त्यांचा सूर मला खटकतो, पण मुद्दा खोडता येत नाही: कुठल्याही खेळाचे नियम मुळात मनाने ठरवलेले असतात, मग त्यातला कुठला गाभा आणि कुठला वरचा, हे न्यायाधीशाने कसं ठरवायचं? मी पूर्वी ठासून सांगत असे की चालणं गोल्फचा भाग नाहीच. तेव्हाच्या माझ्याशी आज मी सहमत नाही. शेवटच्या चार होलना थकलेल्या पायांनी पट (ग्रीनवरचा हलका फटका) मारणं हाही गोल्फच आहे, व्हेन्चुरीने खोटं सांगितलं नव्हतं. फक्त तो थकवा सॉकेटमधल्या माणसाला पहिल्या होलपासूनच असतो. बग्गी तो पुसत नाही, थोडा मागे ढकलते. किती मागे ढकलणं न्याय्य, याचं माप माझ्याकडे नाही. 2019 मधे जॉन डेली या व्यावसायिक खेळाडूला गुडघ्याच्या दुखण्यासाठी अमेरिकेत पीजीए चॅम्पियनशिपला बग्गी मिळाली आणि दोनच महिन्यांनी उत्तर आयर्लंडमधल्या ओपन स्पर्धेला तीच नाकारली गेली. गुडघा तोच होता.

क्लबातल्या खेळाला तर हा वाद लागूही नाही. हँडिकॅप, म्हणजे खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट, काढला जातो तो प्रत्यक्ष मारलेल्या फटक्यांवरून. बग्गी घेऊन खेळणाऱ्याचा हँडिकॅप त्याच्या बग्गीतल्या फेऱ्यांचाच असतो. बग्गीने त्याचे दोन फटके वाचत असतील, तर तितकी सूट त्याला आधीच कमी मिळते.

1 जानेवारी 2023 पासून गोल्फच्या नियमपुस्तिकेतला अपंग खेळाडूंसाठीचा नियम 25 सगळीकडे लागू आहे. त्याआधी असे बदल प्रत्येक समितीने वेगळे स्वीकारावे लागत. चाकांच्या साधनावरून खेळणाऱ्याचा चेंडू न खेळण्याजोग्या जागी गेला, तर दंड घेऊन चेंडू बाजूला टाकताना दोनऐवजी चार क्लब-लांबी (काठीच्या लांबीएवढं अंतर) मिळतात. वाळूच्या बंकरबाहेर येऊन खेळायला दोनऐवजी एकच दंड-फटका. ही मेहेरबानी नाही. वाळूत चाक रुततं, आणि दोन क्लब-लांबीच्या अंतरात खुर्ची वळवून सपाट उभी करायला जागाच नसते.

खुर्चीवरून किंवा फिरत्या आसनाच्या एकट्याच्या बग्गीतून खेळणाऱ्यांचं एक सांगून टाकतो, कारण इथे जीव जाऊ शकतो. मणक्याला छातीच्या मध्याच्या वर इजा असेल, तर त्याखालच्या शरीराला नीट घाम येत नाही आणि अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. चेहरा लाल, डोकं दुखतंय, गरगरतंय, असं झालं की खेळ थांबवायचा. पाण्याची फवारणीची बाटली, ओला टॉवेल, आणि एप्रिल-मेमधे पहाटेचीच वेळ. दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बैठक उचलायची, नाहीतर दाबाची जखम होते आणि ती कळतही नाही. क्लब चपट्या कोनाचे वाकवून घ्यायचे, कारण बसून स्विंग आडवा जातो आणि नेहमीच्या क्लबची टाच आधी जमिनीला लागते.

आणि पावसाळा. आपल्याकडे जूनपासून बग्गी पक्क्या रस्त्यावरच ठेवा अशी पाटी लागते. ती योग्यच आहे, ओल्या फेअरवेवर (खेळायच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) चाकाचे चर पडतात. पण रस्ता डावीकडे आणि चेंडू उजव्या कडेला असेल, तर कृत्रिम पायाने ओल्या गवतावरून साठ मीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं. असं अठरा वेळा. क्लब निवडायला दुसरी खेप नको, म्हणून तीन-चार क्लब एकदमच घेऊन निघायचं, किंवा कॅडीला पिशवीसकट पुढे पाठवायचं. सकाळी मैदान सांभाळणाऱ्या माणसाला आधी गाठायचं. आज कुठला फेअरवे भार घेईल हे त्यालाच ठाऊक असतं, आणि विचारलं तर बहुतेक वेळा तो एका बग्गीपुरती वाट दाखवतो.