भरला नाही म्हणून अजून एक ठोका?

ड्रॉप हॅमरवर, म्हणजे वरून पडणाऱ्या वजनाने तापलेलं पोलाद डायमध्ये (साच्यात) ठोकणाऱ्या यंत्रावर, जॉबचा (ठोकायच्या तुकड्याचा) कोपरा भरला नाही की शॉपमध्ये पहिला सल्ला ठरलेला असतो: "मार अजून एक." बऱ्याचदा हाच सल्ला जॉबही घालवतो आणि डायही. इंजिनातल्या कनेक्टिंग रॉडचं उदाहरण घेऊ, कारण त्यात सगळी दुखणी एकत्र भेटतात. एक टोक मोठं, एक लहान, मधे आय-सेक्शनचा (इंग्रजी I सारख्या छेदाचा) बारीक दांडा.

हिशेब वजनापासून. तयार फोर्जिंग दीड किलोचं असेल, तर फ्लॅशसाठी (डायच्या फटीतून बाहेर पडणाऱ्या जादा मालासाठी) साधारण ३०० ग्रॅम आणि भट्टीत जळून पृष्ठभागावर सुटणाऱ्या स्केलसाठी (खपलीसाठी) दोनेक टक्के धरावे लागतात. म्हणजे कापायचा बिलेट (बारचा तुकडा) सुमारे १.८४ किलोचा. ४५ मिमी गोल बारचं वजन सेंटिमीटरला जवळपास १२५ ग्रॅम, म्हणून लांबी १४७ मिमी. आता गंमत अशी की तोच बार अर्धा मिमी जाड आला, तर त्याच लांबीत ४० ग्रॅम जास्त जातात. म्हणून बारची प्रत्येक नवी लॉट आली की कटिंगला पट्टीपेक्षा काट्यावर विश्वास ठेवावा.

तापमान १२०० ते १२५० अंश. १३००च्या पुढे गेलं तर कणांच्या सीमा वितळायला लागतात. तो माल जळालेला. नंतर कुठल्याही हीट ट्रीटमेंटने सुधारत नाही, थेट भंगारात. उलट ९००च्या खाली ठोकत राहिलं तर पोलाद हटत नाही, मार डाय खाते. डायही थंड ठेवायची नाही. शिफ्टच्या सुरुवातीला ती १५० ते ३०० अंशांपर्यंत तापवून घ्यावी. थंड डायवर पहिला ठोका म्हणजे तडा जायला आमंत्रणच.

एक टनाचा टप (हॅमरचं पडणारं वजन) दीड मीटरवरून पडला की खाली पोचताना वेग सेकंदाला ५.४ मीटर आणि ऊर्जा १४.७ किलोज्यूल असते. मेकॅनिकल प्रेस ठरलेल्या अंतरापर्यंत खाली येते. हॅमरकडे मात्र प्रत्येक ठोक्याला ऊर्जेची ठरावीक शिदोरी असते. ती जॉबमध्ये खर्च झाली नाही, तर डाय, टप आणि फाउंडेशनमध्ये जाते. ऐरण टपाच्या १५ ते २० पट वजनाची ठेवतात ती याचसाठी. २० पट असेल तर साधारण ५ टक्के ऊर्जा ऐरण हलवण्यात वाया जाते, १० पट असेल तर ९ टक्के. शेजारच्या भिंतींना तडे गेले की हे गणित सगळ्यांना आठवतं.

डायवर चार खाचा असतात. फुलरमध्ये मधला भाग बारीक करतात. एजरमध्ये दर ठोक्याला जॉब ९० अंशांत फिरवत दोन्ही टोकांना माल गोळा करतात. ब्लॉकरमध्ये आकार ढोबळ येतो, कोपरे मोठ्या गोलाईचे. शेवटी फिनिशर. याला सर्वांत जास्त ताकद लागते, म्हणून तो टपाच्या मध्यावर, फुलर-एजर कडेला. फिनिशर कडेला सरकवला तर टप तिरका बसतो, गाइड झिजतात आणि मिसमॅच येतो, म्हणजे जॉबचे वरचा-खालचा अर्धे भाग जुळत नाहीत. फिनिशर सुमारे दीड टक्का मोठा कापतात, कारण थंड होताना पोलाद आकसतं. दोन टोकांच्या मध्यांमधल्या २०० मिमी अंतरासाठी डायमध्ये २०३.

कोपरा भरतो तो फ्लॅशमुळे. पार्टिंग लाइनवरची (वरची-खालची डाय भिडते त्या रेषेवरची) फट दोनेक मिमीची असते. तिथे शिरलेला माल पातळ असल्यामुळे चटकन थंड होतो, ताठ होतो आणि बाकीच्याला बाहेर पडू देत नाही. मग आतल्या मालाला कोपऱ्यात जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. ही फट झिजून तीन-साडेतीन मिमी झाली की तोच बिलेट, तेवढेच ठोके, तरी कोपरा रिकामा. इथे ठोका वाढवून काय होणार? माल फ्लॅशमध्येच जाणार. दुसरं कारण डायला वंगण म्हणून मारतात ते ग्रॅफाइटचं पाणी. खाचेच्या तळाशी साचलं तर माल तिथे पोचत नाही. फवारा मारून हवेने झटकलं पाहिजे. अवघड, खोल भाग शक्यतो वरच्या डायमध्ये ठेवतात, कारण खालच्या डायवर जॉब टेकून राहतो आणि लवकर थंड होतो.

आता तो जादा ठोका. आय-सेक्शनच्या कडा एव्हाना भरलेल्या असतात, पण मधल्या पातळ भागात माल जास्त आहे. ठोका पडला की तो आडवा ढकलला जातो, भरलेल्या कडेच्या मुळाखालून सरळ फ्लॅशकडे वाहतो आणि कडेचं मूळ फाडून नेतो. वरून जॉब सुरेख दिसतो. एजरमध्ये वजन नीट वाटलं असतं तर हे झालंच नसतं. फुलरने खोल पायऱ्या पाडल्या असतील तर त्या पुढच्या खाचेत दुमडून लॅप होतो. त्या घडीत स्केल अडकलेला असतो, त्यामुळे कितीही ठोका, ती सांधत नाही.

मिसमॅच वाढला तर आधी डाय घट्ट धरणारी पाचर बघावी. डाय तापते, पाचर ढिली होते. जॉबच्या पार्टिंग लाइनवरून नख फिरवलं तरी पायरी कळते.

हॅमरमन आवाजावरून ओळखतो: माल दबतो तेव्हा आवाज दबका, डायचे पृष्ठभाग भिडले की टणटणीत. टणटणीत आल्यावर थांबायचं. ट्रिमिंग (फ्लॅश कापणं) आणि शॉट ब्लास्टिंग (छर्रे मारून सफाई) झाल्यावर जॉब मॅग्नेटिक क्रॅक तपासणीला जातो, पण त्यात आत माल कसा वाहिला ते दिसत नाही. त्यासाठी लॉटमधला एक रॉड उभा कापून, घासून, निम्म्या पाण्याच्या हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ७०-८० अंशांवर अर्धा तास ठेवतात. तंतूंच्या रेषा दांड्यातून टोकाकडे सलग वळल्या असतील तर ठीक. कडेच्या मुळाशी त्या आडव्या तुटून फ्लॅशकडे निघालेल्या दिसल्या, तर फिनिशर राहू दे, एजरची खाच दुरुस्तीला काढायची.