न्यू ऑर्लिन्समध्ये ड्रमरच्या मागे मागे

जॅझ, जॅम बँड (गाणं मंचावरच उत्स्फूर्तपणे लांबवत नेणारे बँड) आणि इंडी रॉक (मोठ्या कंपन्यांबाहेर वाढलेलं रॉक) या तिन्हींचा नाद असेल, तर एप्रिल संपता संपता, जॅझ फेस्ट या संगीत महोत्सवाच्या दिवसांत, अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स गाठावं. जॅझ तिथला, हे कारण आहेच. पण माझ्या लेखी त्याहून मोठं कारण असं, की इतर शहरांत या तीन संगीतांचे श्रोते तीन वेगळ्या दारांनी आत जातात. इथे एकाच रात्री, एकाच वस्तीत तिन्ही ऐकायला मिळतात आणि तिन्हींच्या मुळाशी तोच ठेका असतो. बऱ्याचदा तर ड्रमरही तोच असतो. म्हणून कार्यक्रमांची यादी हातात आली की मी आधी ड्रमवर कोण आहे ते बघतो, ठळक अक्षरातली नावं मागाहून.

ठेक्याचं थोडं सांगायला हवं, कारण सगळा प्रवास त्याभोवती आखलेला आहे. लष्करी बँडच्या सरळ चालीत बास ड्रम पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडतो. न्यू ऑर्लिन्सच्या वादकांनी दर दुसऱ्या बारच्या (चार मात्रांच्या आवर्तनाच्या) चौथ्या मात्रेवर बास ड्रम आणि झांज यांचा दणका बसवला. त्याला ‘बिग फोर’ म्हणतात आणि त्याचं श्रेय जॅझच्या सुरुवातीचा कॉर्नेटवादक बडी बोल्डन याच्या काळाला देतात. ख्याल ऐकणाऱ्याला समेची जशी ओढ लागते, तशी ओढ इथे या चौथ्या मात्रेची लागते. हाच ठेका मीटर्स या इथल्या बँडच्या झिगाबू मॉडेलिस्टने 1960 च्या दशकात एकट्याने ड्रमसेटवर वाजवला: मिरवणुकीत दोघा-तिघांत वाटलेलं काम दोन हात आणि दोन पायांत आलं, आणि त्यातून इथला फंक उभा राहिला. पुढे 1994 मध्ये सुरू झालेल्या गॅलॅक्टिक या बँडच्या स्टॅन्टन मूरने तो जॅम बँडच्या श्रोत्यांपर्यंत नेला. एवढं कानात ठेवलं तर शहरात कुठेही शिरा, परकं वाटत नाही.

जॅझ फेस्ट 1970 मध्ये सुरू झाला आणि 1972 पासून फेअर ग्राउंड्स या घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानावर भरतो. एप्रिलचा शेवटचा आणि मेचा पहिला असे दोन शनिवार-रविवार, त्यांना जोडून हल्ली गुरुवार-शुक्रवार. वेळ सकाळी 11 ते संध्याकाळी 7. नावात जॅझ असला तरी एकाच दिवशी गॉस्पेल (चर्चमधली भक्तिगीतं), झायडेको (लुईझियानाचं अकॉर्डियनवरचं नाचाचं संगीत), ब्लूज, ब्रास बँड, रॉक असं सगळं चालू असतं. 1996 मध्ये फिश हा जॅम बँड इथे वाजवून गेला तेव्हा जॅझ पियानोवादक सन रा याच्या वाद्यवृंदात घडलेला ट्रम्पेटवादक मायकेल रे त्यांच्याबरोबर स्टेजवर होता. जॅझ आणि जॅम बँड इथे कसे भेटतात हे सांगायला तेवढं उदाहरण पुरे.

रोजचं वेळापत्रक चौकटींच्या तक्त्यात छापतात, त्याला सगळे ‘क्यूब्ज’ म्हणतात. आडवी वेळ, उभी स्टेजं. तक्ता हाती आला की आवडत्या प्रत्येक चौकटीवर खूण करायचा मोह होतो आणि दिवस तिथेच फसतो. फेस्टिव्हल स्टेज एका टोकाला, जेन्टिली स्टेज दुसऱ्या. गर्दी नसेल तेव्हा दहा-पंधरा मिनिटांचं अंतर, शनिवारी दुपारी चारनंतर त्याच्या दुप्पट. मी दिवसाला चार चौकटी पक्क्या करतो आणि त्यांतल्या लागोपाठच्या दोन शक्यतो शेजारच्या स्टेजवरच्या घेतो. मधला वेळ मोकळा. त्या मोकळ्या वेळात, कधी नावही न ऐकलेला एखादा ब्रास बँड ऐकण्यात, फेस्टचं निम्मं सुख आहे.

साडेपाचच्या सुमाराला सगळ्या मोठ्या स्टेजांवर शेवटचे बडे कलाकार चढतात आणि मैदान तिकडे लोटतं. पुढे उभं राहायचं तर दीड-दोन तास आधीपासून जागा धरावी लागते, म्हणजे तोवरचे दोन चांगले सेट (सलग वादनाचे कार्यक्रम) गेले. त्या वेळी जॅझ टेंटमध्ये जावं असं माझं मत. खुर्च्या, सावली, आणि ड्रमरचे हात दिसतील एवढं अंतर. इकॉनॉमी हॉल टेंटमध्ये पारंपरिक जॅझ असतो. तिथे गाणं रंगात आलं की लोक छत्र्या-रुमाल उडवत खुर्च्यांमधून फेरी काढतात. कडेची खुर्ची मिळाली तर पाय आत घेऊन बसा. उन्हात डोकं तापलं की गॉस्पेल टेंट गाठावा. तिथला ऑर्गन आणि ड्रम यांचा मेळ ऐकल्यावर पुष्कळ जॅम बँडचा उगम कळतो.

एप्रिल-मेमध्ये पारा तिशीच्या आसपास असतो, वर दमट हवा, आणि दुपारनंतर गडगडाटी पाऊस कधीही. फेस्ट पावसात चालू राहतो, विजा चमकू लागल्या की मात्र थांबवतात. पाऊस झाला की मैदानाचा चिखल होतो आणि कॅनव्हासचे बूट कामातून जातात. तिथले लोक कोळंबी पकडणाऱ्यांचे पांढरे रबरी बूट घालून येतात ते उगाच नाही. पाऊस नसेल तर शर्यतीच्या मातीच्या ट्रॅकवरून धूळ उडते. म्हणून पातळ रेनकोट, टोपी आणि कोरड्या मोज्यांचा एक जोड पिशवीत असावाच. खुर्च्या-छत्र्यांचे नियम वर्षागणिक बदलतात, निघायच्या आधी त्या वर्षीचे बघून घ्या. आत व्यवहार कार्डावर चालतात, रोख मात्र रात्रीसाठी जपून ठेवा. खाण्यात क्रॉफिश ब्रेड (गोड्या पाण्यातल्या झिंग्यासारख्या जीवाचं सारण भरलेला पाव) आणि कोशाँ द ले पो-बॉय (मंद शिजवलेल्या डुकराच्या मांसाचं लांबट सँडविच) या दोन गोष्टी चुकवू नयेत. साडेबारा ते दोनमध्ये रांगा लांबतात, म्हणून मी साडेअकराला आत शिरल्या शिरल्या खाऊन घेतो.

जायला कॅनॉल स्ट्रीटवरून सिटी पार्ककडे जाणारी लाल ट्राम घ्यावी. शेवटच्या थांब्यापासून एस्प्लनेड अव्हेन्यूने पायी पंधरा-वीस मिनिटं लागतात. गाडी बघून चढा: त्याच रुळांवरून सिमेटरीजकडे जाणारीही लाल ट्रामच असते. भाडं 1.25 डॉलर, दिवसाचा पास 3 डॉलर, रोख दिलीत तर सुटे परत मिळत नाहीत. आणखी एक, वाट विचारली तर उत्तर-दक्षिण कोणी सांगत नाही. नदीकडे, सरोवराकडे, अपटाउन, डाउनटाउन असं सांगतात. नदी वळणं घेत जाते, म्हणून नकाशाशी भांडण्यापेक्षा या चार दिशा पाठ करणं सोपं.

संध्याकाळी सातला फेस्ट संपला की लगेच क्लबकडे धावू नये. परत येऊन अंघोळ, जेवण, आणि जमेल तेवढी झोप. खरी कसोटी पुढे असते, कारण फेस्टच्या दिवसांत क्लबांमध्ये एका रात्रीत दोन-दोन कार्यक्रम होतात, पहिला नऊ-दहाला, दुसरा रात्री दोनला. इथे तिकिटाचा एक घोळ हमखास होतो. ‘शुक्रवार, रात्री 2’ म्हणजे शुक्रवारची रात्र संपतानाचे दोन, की गुरुवार संपून शुक्रवार लागतानाचे? काही जण कॅलेंडरची तारीख छापतात, काही जण रात्र ज्या दिवशी सुरू झाली तो वार. दार उघडण्याची वेळ काय लिहिली आहे ते बघून मगच पैसे भरा. आणि दोनचा कार्यक्रम लागोपाठच्या रात्री घेऊ नका. दुसऱ्या रात्री साडेतीनला बँड अगदी रंगात असतो आणि आपण भिंतीला टेकून झोपलेले.

नेपोलियन अव्हेन्यू आणि चॉपिटूलस स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचं टिपिटिनाज 1977 मध्ये प्रोफेसर लाँगहेअर या पियानोवादकाला वाजवायला हक्काची जागा हवी म्हणून सुरू झालं. 2018 मध्ये ते गॅलॅक्टिकच्या मंडळींनीच विकत घेतलं. आत शिरल्यावर लाँगहेअरचा अर्धपुतळा आहे. सेंट चार्ल्स ट्रामने नेपोलियनला उतरलं तर पुढे नदीकडे मैलभर चालणं आहे. जाताना ठीक, परतीला टॅक्सीच. ओक स्ट्रीटवरचा मेपल लीफ बार 1974 चा, लांबट आणि अरुंद, वर नक्षीदार पत्र्याचं छत. त्या छतामुळे ट्रम्पेटचा आवाज परत येऊन कानावर आदळतो. म्हणून ब्रास बँड असेल तेव्हा स्टेजसमोर न थांबता खोलीच्या मध्यावर, एका बाजूच्या भिंतीजवळ उभं राहावं. सूझाफोन या अंगाभोवती गुंडाळून वाजवायच्या मोठ्या पितळी वाद्याचा खर्ज तिथे गच्च लागतो आणि ट्रम्पेट बोचत नाही.

कानांची काळजी हा गमतीचा विषय नाही. 85 डेसिबलला आठ तास सुरक्षित धरतात आणि दर 3 डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. म्हणजे 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. लहान क्लबात ब्रास बँड शंभरी सहज गाठतो. स्पंजचे साधे बोळे उंच स्वर जास्त खातात आणि झांजा पांघरुणाखाली वाजल्यासारख्या येतात. संगीतासाठीचे फिल्टरवाले इअरप्लग सगळे स्वर साधारण सारखे खाली आणतात, झांजेची धार टिकते. कानाची पाळी वर-मागे ओढून ते बसवावेत. सैल बसले तर नेमका खर्ज आत शिरतो आणि दोष प्लगला दिला जातो.

जॅम बँडच्या श्रोत्यांची ध्वनिमुद्रणाची परंपरा जुनी. ग्रेटफुल डेड या आद्य जॅम बँडने 1984 मध्ये मुद्रण करणाऱ्यांसाठी स्वतंत्र जागाच राखून दिली होती. क्लबात मात्र बँडची आणि जागेची, दोघांची परवानगी विचारावी. मिळाली तर दोन कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारे) माइक 17 सेंटिमीटर अंतरावर, 110 अंशांत, आठेक फूट उंच स्टँडवर, साउंडबोर्डजवळ (ध्वनिनियंत्रणाच्या टेबलाजवळ). उंची महत्त्वाची, खाली राहिले तर शेजाऱ्याच्या टाळ्याच मुद्रित होतात. 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर तासाला साधारण 1 जीबी लागतो. पातळी अशी लावा की सर्वांत मोठा आवाज यंत्राच्या मीटरवर उणे 6 डेसिबलच्या वर जाणार नाही. पहिल्या गाण्यावर पातळी ठरवलीत तर फसाल, कारण शेवटच्या अर्ध्या तासात बँड नेहमीच चढतो. गाण्यांची यादी लिहिताना एक गाणं न थांबता दुसऱ्यात शिरलं की मध्ये बाण काढतात. जॅमचा चांगला श्रोता गाण्यांइतकेच बाण मोजतो.

या सगळ्या गदारोळावर उतारा म्हणजे फ्रेंच क्वार्टर या जुन्या वस्तीतला प्रिझर्वेशन हॉल, 726 सेंट पीटर स्ट्रीट, 1961 पासूनचा. छोटी खोली, रंग उडालेल्या भिंती, पुढे जमिनीवर गाद्या, मग बाकं, मागे उभं राहायची जागा. दारू विकत नाहीत, वाजवताना फोटो नाहीत, सेट पाऊण तासाचा. गादीवर बसलात तर ट्रॉम्बोनची सळई तोंडासमोर हातभर अंतरावर येते-जाते. इथे स्नेअर ड्रमचं प्रेस रोल ऐकावं. काठ्या कातड्यावर दाबून काढलेला तो सलग घरघराट दोन आणि चार या मात्रांवर किंचित फुगतो. ध्वनिवर्धकातून हा फुगवटा सपाट होऊन जातो. फेस्टच्या आधी, बुधवारी, हे ऐकून घेतलं तर पुढचे चार दिवस कान जागेवर राहतात.

इंडी रॉकवाल्यांनी अपेक्षा थोडी आवरावी. त्याची जागा फेस्टमध्ये दुपारी आणि क्लबांमध्ये सेंट क्लॉड अव्हेन्यूच्या बाजूला, सॅटर्न बारसारख्या ठिकाणी. पण धागा आहे. माय मॉर्निंग जॅकेट या रॉक बँडचा जिम जेम्स 2010 च्या प्रिझर्वेशन हॉल जॅझ बँडच्या अल्बमवर गायला. जानेवारी 2016 मध्ये गायक डेव्हिड बोवी गेल्यावर आर्केड फायर हा इंडी बँड आणि प्रिझर्वेशन हॉलचा हाच बँड यांनी मिळून फ्रेंच क्वार्टरमधून मिरवणूक काढली. बर्बन स्ट्रीटवर मात्र, ग्रेटफुल डेडला 1970 च्या जानेवारीअखेर तिथे अटक झाली एवढ्यासाठी जाऊ नका. बघण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि ऐकण्यासारखं सगळं पलीकडे फ्रेंचमेन स्ट्रीटकडे जायच्या वाटेवर सुरू होतं. फ्रेंचमेनवर काही ठिकाणी दारात पैसे घेत नाहीत, पण सेटला एक पेय घ्यावं लागतं आणि बादली फिरते. बादलीत पाच-दहा डॉलर टाकावेत, वादकांची कमाई बरीचशी तीच. दारावर ओळखपत्र विचारतात, पुष्कळ ठिकाणी 21 च्या आत प्रवेश नाही.

रविवारी फेस्टला उशिरा जायची तयारी असेल तर सेकंड लाइन, म्हणजे बँडमागे नाचत जाणारी रस्त्यावरची मिरवणूक, गाठावी. वस्त्यांमधले सोशल एड अँड प्लेझर क्लब (रहिवाशांची परस्पर मदतीची मंडळं) उन्हाळ्याचे कडक महिने सोडून बहुतेक रविवारी मिरवणूक काढतात, साधारण चार तासांची. मार्ग आणि थांबे डब्ल्यूडब्ल्यूओझेड या 90.7 एफएम रेडिओकडून कळतात. सुरुवातीच्या ठिकाणी ताटकळण्यापेक्षा दुसऱ्या थांब्यावर उभं राहावं. बँडच्या पुढे दोरीच्या आत क्लबचे सदस्य नाचतात, तिथे शिरायचं नाही. आपली जागा बँडच्या मागे किंवा कडेला. मी बास ड्रमच्या मागे चार-पाच पावलं ठेवून चालतो: बिग फोर छातीत बसतो आणि सूझाफोनही सुटत नाही. मिरवणूक निघाली तिथेच परत येईल याचा भरवसा नाही, म्हणून परतीची बस कुठून मिळेल ते आधी बघा. फेस्टला जायचं असेल तर तिसऱ्या थांब्यावर बाहेर पडा, चौथ्यानंतर गर्दी इतकी दाटते की टॅक्सी जवळ येतच नाही.