कॅबिनेटची चौथी नोंद: कंट्रोल पॅनल तिसऱ्यांदा कापलं

जुने व्हिडिओ गेम उभ्याने खेळायचं आर्केड कॅबिनेट मी घरी बनवतोय. मागच्या नोंदीत मी ऐटीत लिहून बसलो होतो की सुतारकाम संपलं, आता फक्त वायरिंग उरलंय. ते शब्द गिळतो. गेल्या दीड महिन्यात वायरिंग झालं, उसवलं, परत झालं. कंट्रोल पॅनलच्या, म्हणजे जॉयस्टिक आणि बटणं बसतात त्या भागाच्या, दोन फळ्या अडगळीत गेल्या आणि तिसरी अखेर बसली. मशिन चालतंय, रोज संध्याकाळी तासभर तरी चालतंय. पण करायला घेतलं होतं ते हे मशिन नव्हे.

ठरलं काय होतं? दोन खेळाडू, प्रत्येकी सहा बटणं, मधोमध ट्रॅकबॉल (तळहाताने फिरवायचा गोळा), वरच्या कोपऱ्यात स्पिनर (गोल फिरवायची मूठ). १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्सपासून १९९१ च्या स्ट्रीट फायटर टूपर्यंत सगळं एकाच खोक्यात. कागदावर फार देखणं दिसत होतं. पॅनलचा नमुना आधी पुठ्ठ्यात करून बघावा, हे मी भेटेल त्याला सांगतो. स्वतःचा मात्र केला नाही, थेट १८ मिमी एमडीएफला (लाकडाच्या तंतूंच्या दाबीव फळीला) करवत लावली. कॅबिनेटची रुंदी ६० सेंमी आणि पॅनल ९० सेंमी, म्हणजे दोन्ही अंगांना पंधरा-पंधरा सेंमी बाहेर आलेलं. जाता-येता मांडी आपटायची. दोघं उभे राहिले की एकाचं कोपर हमखास ट्रॅकबॉलवर. आणि एकट्याने खेळायचं तर पडद्यापासून वीतभर डावीकडे उभं राहून मान वाकडी करायची.

तरीही मी रेटलं असतं. पण भाचा आला. त्याला पॅकमॅन लावून दिला, दोन मिनिटं तो गप्प खेळला आणि मग म्हणाला, "मामा, हा वळतच नाही."

मी म्हटलं, "तू उशिरा वळवतोयस."

"नाही. मी आधीच वळवतोय. तो सरळच जातो."

मी हातात घेतलं आणि तिसऱ्या वळणावर भुताच्या तोंडात गेलो. पोरगं बरोबर होतं.

आता हे जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण इथून सुरू झालं. जॉयस्टिकच्या पोटात चार मायक्रोस्विच असतात, चार दिशांना एकेक. आठ दिशांची जॉयस्टिक तिरकी ढकलली की शेजारचे दोन स्विच एकदम दाबले जातात आणि गेमला 'वर' आणि 'उजवीकडे' असे दोन्ही हुकूम मिळतात. दांडा कुठपर्यंत जाईल हे खालचं प्लास्टिकचं गेट ठरवतं. चौकोनी गेट असलं की त्याचे कोपरे नेमके तिरक्या दिशांना येतात आणि दांडा आपसूक कोपऱ्यात घरंगळतो. मारामारीच्या गेमला ते हवंच असतं. पॅकमॅन मात्र १९८० चा, चार दिशांच्या जॉयस्टिकसाठी बनवलेला. त्याला तिरकं काही कळत नाही. दोन हुकूम एकदम आले की तो एक धरतो आणि एक सोडतो, आणि सोडलेला नेमका आपल्याला हवा असलेला निघतो.

त्यात या गेमची एक खुबी आहे. वळण यायच्या किंचित आधी दांडा वळवला तर पॅकमॅन कोपरा कापून जातो. भुतांना ते जमत नाही. पाठलागात त्याच दोन-चार पिक्सेलांवर जीव वाचतो. म्हणजे आधी वळवणं ही चूक नव्हेच, तोच तर डाव आहे, आणि माझी जॉयस्टिक नेमकी तिथे दगा देत होती. या गेमला एकही बटण नाही, जे काही आहे ते दांड्यात. तिथेच घोळ असेल तर बाकीच्या बारा बटणांची आरास काय कामाची?

त्या रात्री यादी काढली. मी खरोखर काय खेळतो? पॅकमॅन, गॅलागा, डिग डग, डाँकी काँग, फ्रॉगर. गॅलागाला तर फक्त डावं-उजवं लागतं, बाकी सगळे चार दिशांचे. आणि पाचही उभ्या पडद्याचे. स्ट्रीट फायटर मी वर्षातून दोनदा लावतो आणि दोन्ही वेळा हरतो. सगळं खेळता येणारं मशिन बनवण्याच्या नादात, जे रोज खेळतो तेच धड खेळता येत नव्हतं. ट्रॅकबॉल, स्पिनर, दुसरा खेळाडू, सगळं काढलं. हाताशी जागा आणि रोजची मंडळी असतील त्यांनी मोठं पॅनल जरूर करावं. एकट्याने खेळणाऱ्याने करू नये, असं माझं स्पष्ट मत झालंय.

दुसरी फळी कॅबिनेटच्या रुंदीची, मधोमध एक जॉयस्टिक, दोन्ही बाजूंना दोन-दोन बटणं. डाव्या हाताने खेळणाऱ्याचीही सोय झाली. माझ्या जॉयस्टिकचं गेट काढून ४५ अंशांत फिरवून बसवता येतं. मग चौकोनाचे कोपरे वर-खाली-डावी-उजवीकडे येतात आणि तिरक्या दिशेला दांडा सपाट कडेला अडतो. तिरकं शंभर टक्के मरत नाही, पण पॅकमॅन वळायला लागला.

फळी मात्र गेली. दांडा आखूड आणि लाकूड १८ मिमी जाड, त्यामुळे नुसतं भोक पाडून खालून जॉयस्टिक लावली की दांड्यावरचा गोळा पॅनलला टेकल्यासारखा बसतो आणि बोटं मावत नाहीत. म्हणून खालच्या बाजूने राउटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) खळगा करायचा, वर थोडं लाकूड ठेवायचं आणि जॉयस्टिकचा पत्रा त्या खळग्यात बसवायचा. मला ६ मिमी ठेवायचं होतं. राउटरच्या खोलीचा स्क्रू नीट आवळला नव्हता, बिट (त्याचं पातं) हळूहळू खाली सरकत गेलं, आणि लाकूड एका टोकाला ६ तर दुसऱ्या टोकाला जेमतेम ३ मिमी उरलं. दिसलं होतं मला. 'चालेल' म्हणून स्क्रू पिळला आणि कर्रकन आवाज आला. एमडीएफ लाकडासारखं फाटत नाही, पापुद्रे सुटतात. गोंद भरून क्लँप लावून बघितलं, दोन दिवसांनी पुन्हा तेच.

तिसऱ्या फळीला एकाच वेळी खोल न जाता दोन-दोन मिमीचे फेरे मारले आणि प्रत्येक फेऱ्यानंतर कॅलिपर लावला. वरून ३ मिमी पॉलिकार्बोनेटची शीट टाकली. आधी अ‍ॅक्रिलिक घेतलं होतं, बटणाचं भोक पाडताना कडेपर्यंत तडा गेला. पॉलिकार्बोनेटवर ओरखडे लवकर पडतात, पण ते ड्रिलखाली तडकत नाही. दोन्हीकडे लाकडाचे तुकडे घट्ट दाबून मधे शीट धरायची, म्हणजे भोक स्वच्छ येतं.

पडदाही बदलला. रुंद पडद्यावर उभा गेम म्हणजे मधे एक पट्टी आणि दोन्हीकडे काळोख. जुना १९ इंची मॉनिटर पडून होता, १२८० × १०२४ चा. तो उभा केला की रुंदी १०२४ आणि उंची १२८०. पॅकमॅनचं चित्र मुळात २२४ × २८८. बरोब्बर चौपट केलं की ८९६ × ११५२, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा चार-बाय-चारचा स्वच्छ चौकोन आणि कडेला थोडीच काळी चौकट. हा हिशेब जुळला तेव्हा मी खोलीत एकटाच हसलो. मागची चार भोकं १०० मिमीच्या चौकोनात असतात, त्यामुळे मॉनिटर आडवा लावा की उभा, पट्टी तीच बसते.

एक खोच मात्र आहे. या मॉनिटरचा पडदा टीएन जातीचा, म्हणजे जुन्या स्वस्त एलसीडीचा. असे पडदे खालून बघितले की रंग काळवंडतात. उभा केल्यावर ती 'खालची' बाजू डावी किंवा उजवी होते, आपण फिरवू तशी. मी आधी उलटा फिरवला होता, आणि शेजारी उभं राहून बघणाऱ्याला भुतं ओळखू येत नव्हती. मॉनिटर १८० अंशांत फिरवला, चित्रही सेटिंगमधून फिरवलं, वाईट बाजू भिंतीकडे गेली. भिंतीची तक्रार नाही.

आता वायरिंग, किंवा माझी फजिती.

गॅलागा लावला आणि गोळी उशिरा सुटते असं वाटलं. अशा वेळी डोक्यात पहिला शब्द येतो तो म्हणजे लॅग, दाबणं आणि दिसणं यांतला उशीर. फोनचा स्लो मोशन कॅमेरा २४० फ्रेमवर लावला, अंगठा आणि पडदा एकाच चौकटीत येतील असा टेकवला, आणि बटण दाबल्यापासून गोळी दिसेपर्यंतच्या फ्रेम मोजल्या. एक फ्रेम म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद. पहिल्यांदा ४१ आल्या, मग ३०, मग ५८. दोन संध्याकाळी मी एमुलेटरची (जुने गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) सेटिंग्ज उलथीपालथी केली, यूएसबी एन्कोडर (बटणांचे हुकूम संगणकाला पोचवणारं सर्किट) बदलला, मॉनिटरचा मेनू पालथा घातला. आकडा दरवेळी वेगळाच.

तिसऱ्या दिवशी व्हिडिओ बघताना लक्षात आलं की गोळी अंगठा उचलल्यावर सुटतेय. बटण जितका वेळ दाबून धरलं तितका 'लॅग'.

ज्यांनी मायक्रोस्विच हाताळलेत ते आता हसत असतील. स्विचला तीन पाय असतात: एक कॉमन, एक दाबल्यावर जोडला जाणारा आणि एक दाबल्यावर तुटणारा. वायर दुसऱ्यावर लावायची, मी त्या एका बटणाची तिसऱ्यावर लावली होती. म्हणजे हात न लावता बटण कायम दाबलेलं, दाबलं की सुटलेलं, आणि सोडलं की पुन्हा दाबलेलं. गॅलागात दाबून धरल्याने गोळ्या आपोआप सुटत राहत नाहीत, दर गोळीला नवं दाबणं लागतं, म्हणून मशिन वेड्यासारखं वागलं नाही, फक्त आळशी वाटलं. मल्टीमीटरची 'पीं' दहा सेकंदांत सांगून गेली असती. मी मात्र सॉफ्टवेअरशी भांडत बसलो.

वायर सरकवल्यावर १८-१९ फ्रेम आल्या, म्हणजे ७५ ते ८० मिलिसेकंद. त्या दोन संध्याकाळी अगदीच फुकट गेल्या नाहीत, कारण व्ही-सिंकचं (चित्र पडद्याच्या गतीशी जुळवणाऱ्या सेटिंगचं) काय करायचं ते तोवर कळलं होतं. ते बदलल्यावर १३-१४ वर आलं. मला पुरे.

बाकीची वायरिंग बिनबोभाट झाली, एक प्रसंग सोडून. ग्राउंडची (सगळ्या बटणांची सामाईक) वायर मी एका स्विचवरून दुसऱ्यावर अशी माळेसारखी नेलीय. एके दिवशी उजवीकडची दोन्ही बटणं आणि स्टार्टचं बटण एकदम मेली. एकदम तीन बटणं बिघडत नसतात, माळ कुठेतरी तुटलेली असते. तुटली होती शेवटच्या जिवंत बटणाच्या पुढच्याच लगमध्ये (वायरच्या टोकाच्या धातूच्या जोडणीत), वरून दाबलेली पकड घट्ट पण आत तांब्याचे दोनच तंतू. तेव्हापासून प्रत्येक लग लावला की ओढून बघतो. माळेचं शेवटचं टोकही परत एन्कोडरला नेऊन जोडलं, आता एका जागी तुटली तरी दुसऱ्या बाजूने ग्राउंड मिळतो.

स्पीकरमधून गुणगुण येत होती. अँप्लिफायर आणि रास्पबेरी पाय (गेम चालवणारा चिमुकला संगणक) एकाच ५ व्होल्टच्या सप्लायवर होते, वेगळे केले, गुणगुण थांबली. पडद्यावर कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह झळकायचं तेही त्याच सुमारास गेलं, पण त्याचं श्रेय आखूड आणि जाड केबलला. लांब बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतो आणि पाय आपला वेग कमी करतो.

टी-मोल्डिंगची (फळीच्या कडेत ठोकायच्या प्लास्टिक पट्टीची) खाच अर्धा मिमी एका बाजूला गेलीय. रबरी हातोडीने ठोकून बसवली, सरळ कडांना कळत नाही, पण डावीकडच्या वळणावर बोट फिरवलं की कड लागते. वळणावर मोल्डिंगच्या आतल्या काट्याला व्ही आकाराचे काप द्यायचे असतात, नाहीतर ती उचलली जाते. पहिल्या वळणावर दिले नव्हते, म्हणून तेवढा तुकडा काढून पुन्हा लावावा लागणार.

पॅनल पुढून बिजागरीवर आहे आणि मागे दोन खटके, त्यामुळे ते उघडून गेट फिरवायला पाच मिनिटं लागतात. '१९४२' नावाचा गेम खेळायचा झाला तर आठ दिशा हव्यात, त्यासाठी ही सोय. आत्तापर्यंत दोनदा फिरवलं. भाचा परत येऊन गेला, पॅकमॅन वळतो म्हणाला, पण गोळा फार गुळगुळीत आहे, घामाने सटकतो, अशी नवी तक्रार ठेवून गेला. सँडपेपर मारू की नवा गोळा बसवू, ते ठरलेलं नाही. वरच्या मार्कीत (नावाच्या पाटीत) दिव्याची पट्टी लागलीय, पुढे नुसती पांढरी शीट आहे. त्यावर काय लिहायचं यावर घरात तीन मतं आहेत.