पालखीच्या वाटेवर दोन जोड

काका फौजेतून निवृत्त झाले तेव्हा सोबत डीएमएस (डायरेक्ट मोल्डेड सोल) बुटांचा एक जोड घेऊन आले होते. काळं जाड कातडं, घोट्याच्या वरपर्यंत उंची आणि साच्यात थेट कातड्याला जोडलेला तळ. दर पावसाळ्याआधी ते त्याला पॉलिश करून उन्हात ठेवायचे. आळंदी ते पंढरपूर पायी जायचं मी ठरवलं, तेव्हा तो जोड त्यांनी माझ्यापुढे आणून ठेवला. "हेच घाल. वाट संपेल, हे संपणार नाहीत."

माझ्याकडे चालण्याचे नवे बूटही होते, आत पाणी अडवणारा पडदा असलेले. दोन्ही जोड काट्यावर ठेवले. काकांचा भरला पावणेदोन किलो, नवा किलोला थोडा कमी. म्हणजे एका पायामागे चारशे ग्रॅमचा फरक. हातात घेतला तर काहीच वाटत नाही. पण ही वाट साधारण अडीचशे किलोमीटरची. पाऊल दोन फुटांचं धरलं, तर एकेक पाय जवळपास दोन लाख वेळा उचलायचा. पायातलं वजन पाठीवरच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त थकवतं, हे चालणारा प्रत्येक माणूस जाणतो. तरी मी काकांचेच घातले. त्यांनी दिलेले होते, म्हणून.

दोन महिने रोज पहाटे ते घालून चाललो. कातडं मऊ झालं, टाच बसली. पण आतल्या तळव्यावर काकांच्या अंगठ्याचा एक खोलगट ठसा होता, आणि माझा अंगठा त्याच्या अर्धा बोट अलीकडे येत होता. उजव्या बुटावर करंगळीपाशी एक कडक घडी पडली होती, काकांच्या पायाच्या वाकण्यानं पडलेली. वापरलेल्या बुटाचं खरं दुखणं हेच. कातडं पहिल्या मालकाचा पाय लक्षात ठेवतं. लष्करातून निघालेला जोड घेणार असाल तर आत हात घालून हा ठसा आधी चाचपा.

न वापरलेला जुना साठाही बिनधोक नसतो. आमच्याच दिंडीतल्या एका मुलानं असे कोरे बूट आणले होते, दिसायला अगदी नवे. दिवे घाटाच्या निम्म्यावर त्याचा तळ भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा तुकड्यातुकड्यांनी सुटला. पॉलियुरेथेनचा तळ नुसता ठेवून दिला तरी हवेतल्या ओलाव्यानं वर्षागणिक आतून कुजतो. आधुनिक ट्रेकिंगच्या बुटांतही हाच पदार्थ असतो, त्यामुळे माळ्यावर पडलेल्या महागड्या जोडाचीही तीच गत होते. तळ अंगठ्यानं दाबून, वाकवून बघावा. भेग दिसली किंवा भुगा पडला, तर तो जोड घरीच ठेवावा.

पुणे ते सासवड ही वारीतली सर्वांत लांब मजल. हडपसर सोडलं, वडकीचा विसावा झाला आणि घाट सुरू झाला. चढ मी सहज चढलो, लष्करी बुटांची टाच तिथे पक्की धरून ठेवते. पुढच्या सपाट डांबरानं मात्र हाल केले. त्यात टाळकऱ्यांबरोबर पावली खेळायची, उड्या घ्यायच्या. घोटा वाकेना. सासवडच्या राहुटीत मोजा काढला तर करंगळीवर बोराएवढा फोड. पुढचं पाऊल टाकायचं कसं, या विचारानं मला रडू आलं.

सासवडला पालखी दोन रात्री थांबते म्हणून निभावलं. दिंडीच्या ट्रकमधून पिशवी काढली आणि नवे बूट घातले. जेजुरीपर्यंत पाय पिसासारखे वाटले. जेजुरीत भंडारा उधळला गेला आणि नाड्यांच्या भोकांत हळद भरली. वाल्ह्याच्या वाटेवर धो धो पाऊस आला. पाणी वरून, मोज्यावाटे आत शिरलं, आणि बाहेरून येणारं पाणी अडवणाऱ्या पडद्यानं तेच आता आत कोंडून ठेवलं. कागद कोंबला, रात्रभर उशाशी ठेवले, तरी दोन दिवस वाळले नाहीत. वारीसाठी बूट घ्यायचे तर हा पडदा नकोच. भिजेल पण लगेच वाळेल असा जाळीचा, घोट्याखालचा, हलका जोड घ्या, पायापेक्षा अर्धा नंबर मोठा. संध्याकाळी पाय सुजलेले असतात तेव्हा घालून बघा.

लष्करी बूट वाईट नाहीत. पाठीवर वीस किलोचं ओझं, खाली काटे आणि सैल दगड, तिथे ते हाड वाचवतात. वारीत ओझं ट्रकमध्ये असतं आणि खाली डांबर. शिवाय पंगतीला बसताना, कीर्तनाला, रथाच्या दर्शनाला, दिवसातून किती वेळा पाय मोकळे करावे लागतात! रथात विराजमान असतात त्या माउलींच्या पादुका. त्यांच्यापुढे नाड्या सोडत ताटकळणं जिवावर येतं.

तरडगावच्या अलीकडे, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. अश्व धावून गेला आणि टापांखालची माती घ्यायला सगळे वाकले. शेजारच्या आजींनी ती कपाळी लावली आणि "माउली" म्हणत माझ्या पायांवर डोकं ठेवायला वाकल्या. त्यांच्या कपाळाला बुटांची चिखलानं माखलेली रबरी टोपणं लागली. मला ते सहन झालं नाही. तिथेच बूट काढले, मोजे काढले आणि त्यांच्या पाया पडलो.

फलटणनंतर ऊन तापलं, बूट वाळले आणि वाखरीपर्यंत त्याच जोडानं नेलं. शेवटच्या मजलेला मी पिशवीतून काकांचे बूट बाहेर काढले. अंगठ्याच्या खळग्यात कापूस भरला, दोन मोजे चढवले आणि पंढरपुरात शिरलो. चंद्रभागेच्या वाळवंटात ते काढून हातात घेतले आणि काकांना फोन लावला.

"फोड आला का?"

"आला. उजव्या करंगळीला."

थोडा वेळ पलीकडून काहीच आवाज आला नाही. मग म्हणाले, "मलाही तिथंच यायचा."