दोन सिम, एक वाय-फाय आणि अर्ध्यात तुटणारे कॉल

परदेशात राहणाऱ्या माणसाच्या फोनला बहुतेक वेळा तीन वाटा असतात: मायदेशाचे सिम, इथले सिम आणि हाताशी येईल ते वाय-फाय. गेल्या आठवड्यात मायदेशातील बँकेचा एक व्यवहार पूर्ण करताना ओटीपी जुन्या सिमवर वेळेत आला. पण बँकेचे अ‍ॅप एका सार्वजनिक वाय-फायला चिकटून बसले होते आणि त्या वाय-फायच्या सगळ्या रेघा भरलेल्या असूनही त्यातून इंटरनेट येत नव्हते. शेजारी इथल्या सिमचा उत्तम डेटा उपलब्ध असताना व्यवहाराची मुदत संपली. याचा मला मनापासून राग आला.

त्या रेघा फक्त फोन आणि राउटर यांच्यातील रेडिओ संपर्क सांगतात. राउटरच्या पलीकडे इंटरनेट आहे की नाही, याच्याशी त्यांचा संबंध नसतो. अँड्रॉइड फोन वाय-फायला जोडल्यावर एका ठरावीक पत्त्यावर छोटीशी विनंती पाठवतो आणि २०४ क्रमांकाचे रिकामे उत्तर आले, तर जोडणी खरी मानतो. ही तपासणी लॉगिनचे पान आड येते तेव्हा उपयोगी पडते, पण चालू जोडणी हळूहळू मंदावत गेली तर ती सोडून द्यायला फोन फार वेळ लावतो. आयफोनमध्ये २०१५ साली आयओएस ९ सोबत वाय-फाय असिस्ट आले. वाय-फाय कमजोर झाले की ते मोबाइल डेटाचा आधार घेते, मात्र डेटा रोमिंगवर असताना ते स्वतःहून असे करत नाही. खर्चाच्या दृष्टीने हे योग्यच आहे, तरी नव्या देशात उतरून अजून इथले सिम न घेतलेल्या माणसाला त्याचा आधार मिळत नाही.

मला अधिक बोचते ते आईशी बोलत घराबाहेर पडल्यावर कॉल तुटणे. घरचे वाय-फाय मागे पडते, फोन मोबाइल डेटावर जातो आणि तिचे वाक्य अर्ध्यावर राहते. अनेक अ‍ॅप कॉल पुन्हा जोडून घेतात, पण मधले शब्द गेलेले असतात. कारण मुळात आहे. इंटरनेटवरील नेहमीची टीसीपी (माहिती क्रमाने पोहोचवण्याची नियमावली) जोडणी दोन्ही टोकांचे आयपी पत्ते (जाळ्यावरील उपकरणाचे क्रमांक) आणि पोर्ट (त्या उपकरणातील ठरावीक दारांचे क्रमांक) यांवरून ओळखली जाते; वाट बदलली की फोनचा पत्ता बदलतो आणि जुनी जोडणी निकामी होते. कॉलचा आवाज सहसा टीसीपीवरून जात नाही, तरी पत्ता बदलण्याची अडचण त्यालाही चुकत नाही.

यावर ज्यांनी काम केले, त्यांच्याविषयी मला अतिशय आदर वाटतो. बेल्जियममधील लुव्हाँ-ला-नव्ह येथील संशोधकांचा मोठा वाटा असलेल्या मल्टिपाथ टीसीपीचा आराखडा जानेवारी २०१३ मध्ये आरएफसी ६८२४ (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेतील एक) म्हणून प्रसिद्ध झाला. एकच जोडणी वाय-फाय आणि मोबाइल डेटा अशा दोन्ही वाटांनी एकाच वेळी चालवायची आणि एक वाट बंद पडली तरी दुसरीवरून काम न थांबता पुढे न्यायचे, अशी ही रचना आहे. त्याच वर्षी अ‍ॅपलने आयओएस ७ मध्ये सिरीसाठी ती वापरली. मे २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या क्विक या टीसीपीला पर्याय ठरणाऱ्या नव्या नियमावलीमध्ये तर जोडणीला स्वतःचा ओळख क्रमांकच असतो, त्यामुळे पत्ता बदलला तरी ती टिकू शकते. अट एवढीच की पलीकडच्या सर्व्हरलाही ही भाषा यायला हवी, आणि नेमके तिथेच काम अजून अपुरे आहे.

दोन सिमांच्या बाबतीत मात्र आपण कुणाकडून शिकण्याची गरज नाही. अ‍ॅपलने २०१८ मध्ये दोन सिमांची सोय दिली तेव्हा इथे तिचे कौतुक झाले. आपल्याकडे असे फोन त्यापूर्वी कितीतरी वर्षे रोजच्या वापरात होते. ‘जुना नंबर सोडून का देत नाहीस,’ असे इथले सहकारी विचारतात. माझी बँक आणि माझी सरकारी कागदपत्रे त्या नंबरशी बांधलेली आहेत, आणि माझ्या माणसांना तोच पाठ आहे, म्हणून तो मी ठेवणारच. त्याचे डेटा रोमिंग बंद, डेटा आपोआप त्याच्याकडे वळवण्याची मुभाही बंद, फक्त कॉल आणि एसएमएस चालू, आणि सर्व इंटरनेट इथल्या ई-सिमवरून, अशी माझी व्यवस्था आहे. काही फोनमध्ये आणि कंपनीची परवानगी असल्यास, जुन्या सिमचे वाय-फाय कॉलिंग (मोबाइल टॉवरऐवजी इंटरनेटवरून जाणारे कॉल) दुसऱ्या सिमच्या डेटावरूनही चालते. ते जमत असेल तर जरूर चालू करावे.

राहिलेली तक्रार फोन बनवणाऱ्यांकडे आहे. कोणत्या वाटेने जायचे हे ठरवण्याची क्षमता अँड्रॉइडने २०१४ मध्ये, आवृत्ती ५.० पासून अ‍ॅप लिहिणाऱ्यांना दिली आहे. बँकेचे अ‍ॅप नेहमी मोबाइल डेटावर, व्हिडिओ फक्त वाय-फायवर आणि आईचा कॉल ज्या क्षणी जी वाट चांगली असेल तिच्यावर, एवढी निवड सेटिंगच्या एका साध्या पानावर मलाही करता यायला हवी.